उलटा चाललेला खासदार

“कोणी खरं मानणार नाय, पण दिल्लीत माझ्या तारप्यानं एका खासदाराला उलटा चालवला!” तलासरीच्या शाळेच्या ओट्यावर मांडी ठोकत लडक्याकाकाने जाहीर केलं.

शाळाशाळांत तारपा हे भोपळ्याचं फुंकवाद्य शिकवायला मंजुरी मिळाल्याचं दिल्लीहून कळलं होतं आणि आज इथं पहिला तास झाला होता. सगळे खुशीत होते. धास्तावलेली होती ती एकटी रुचिका. लडक्याची नाचाची मंडळी तिच्या डहाणूच्या संस्थेला मिळालेल्या अनुदानातून दिल्लीला गेली होती. अनुदानाची अट सरळ होती: खासदारांना कला दाखवा, पण मागू काही नका. मागितलंत तर अनुदान बंद, आणि त्यावर चालणारे पाड्यापाड्यांवरचे वर्गही बंद.

“काका, खरं सांगा. तिथं कोणी काही मागितलं नाही ना?”

“मागतोय कशाला? ऐक तर!”

खासदारसाहेबांनी म्हणे आल्याआल्या विचारलं, “बोला, काय पाहिजे?”

“काय नाय, साहेब.”

साहेब चपापले. “रस्ता?”

“नको.”

“पाणी?”

पाण्याचं नाव निघताच नाचणाऱ्या शुक्रीचं तोंड उघडलं. लडक्याने त्यात साहेबांच्याच बशीतला लाडू कोंबला.

“काहीच नको?” साहेबांना घाम फुटला. “कोणी पाठवलंय तुम्हाला? विरोधकांनी?”

तेवढ्यात समितीच्या बैठकीचं बोलावणं आलं. साहेब उठले आणि लडक्याने तारपा फुंकला.

“आता तारप्याला पाठ दाखवायची नाय, हा आपला रिवाज,” लडक्या रंगात आला. “साहेब समजूतदार माणूस! तोंड माझ्याकडं नि पाय मागं. मी फुंकतोय, तो सरकतोय! दारातून, जिन्यावरून... सलाम ठोकायला पोलीस आला, तोही उलटा! तसेच समितीच्या खोलीत शिरलो. साहेब ओरडला, ‘हे पोरांना शाळेत शिकवा, पण मला सोडवा!’ झाली मंजुरी. आपण मागितलं काय? शब्द नाय!”

“खोटारड्या!” मागून त्याची बायको बायजी कडाडली. “तारपा तर गाडीतच फुटला! वरच्या बर्थवरून पडला, भोपळ्याच्या खापऱ्या मी वेचल्या. साहेब उलटा चालला, कारण त्याच्या पुढ्यात मी होते! ‘शाळेत तारपा शिकवा, शिकवा’ करत समितीच्या दारापर्यंत सोडला नाय त्याला.”

रुचिकाचा चेहरा पांढराफटक पडला. “मावशी! अनुदानाच्या पैशांवर जाऊन मागितलंत?”

“मी कुठं तुझ्या अनुदानात? अनुदान या नाचणाऱ्यांचं. मी माझे कोंबडे विकून तिकीट काढलं.”

रुचिका ओट्यावर मटकन बसली. “म्हणजे अनुदान वाचलं!”

“आणि माझ्या कोंबड्यांनी,” बायजी म्हणाली, “मला काय अट घातली नव्हती!”