रेष ओलांडेस्तोवर

"देवाशी बोलताना मोजून बोलावं, सूनबाई. मागाहून कमी करता येत नाही." कौशल्याबाईंच्या सासूबाईंनी लग्नानंतरच्या पहिल्याच सोमवारी त्यांना हे बजावलं होतं. कौशल्याबाईंनी ते पंचेचाळीस वर्षं पाळलं. अकरा प्रदक्षिणा बोलल्या तर अकराच. बारावी नाही आणि दहावर थांबणंही नाही. चूक झाली ती मुलाच्या शर्यतीच्या दिवशी, सकाळी सहा वाजता, खिंडसी तलावाच्या काठावर.

दुर्गेशचं नागपुरात टाइल्सचं दुकान. वय त्रेचाळीस. वर्षभर पहाटे उठून, पोट आत घेऊन त्याने या शर्यतीची तयारी केली होती. पिवळ्या टोप्या घातलेले दोनशे-अडीचशे पुरुष काळ्या पाण्यात उतरले आणि त्यातला आपला कोणता हेच कळेना, तेव्हा कौशल्याबाईंनी हात जोडले, "रामराया, पोरगं रेष ओलांडेस्तोवर मी पाण्याचा थेंब घेणार नाही."

मग त्या सुनेकडे वळल्या. "नाश्त्यापर्यंत आटपन न वं हे?"

शर्यत म्हणजे कॉलनीत सव्वीस जानेवारीला होते तेवढीच त्यांना ठाऊक. पोहे निवायच्या आत संपणारी.

"कुठचं आटपते, आई!" रीना म्हणाली. "आता दोन किलोमीटर पोहणं. मग नव्वद किलोमीटर सायकल, तीही टेकड्यांतून. मग एकवीस किलोमीटर पळणं. अडीचले बंद करतात."

"दुपारच्या?"

"हो. काहून?"

कौशल्याबाईंनी सांगितलं. रीनाचा चहाचा कप ओठांपाशीच थांबला. "अन् यायनं रेष ओलांडलीच नाही तर?"

याचा विचार कौशल्याबाईंनी केला नव्हता.

रीना धावत माइकवाल्याकडे गेली. नवऱ्याला निरोप द्या, जरा लवकर आटपा म्हणावं, एवढंच तिला सांगायचं होतं. पण माइकवाल्याला अजून आठ तास बोलायचं होतं आणि त्याच्याजवळचे विनोद साडेसहालाच संपले होते.

"मंडळी! दोनशे चौदा नंबरच्या आई निर्जळी बसून आहेत! जोवर मुलगा येत नाही, तोवर पाणी नाही!"

टाळ्या पडल्या. मार्गावरच्या पाणी-केळ्यांच्या प्रत्येक टेबलाशी एकेक वॉकीटॉकी होता. बातमी सायकलींच्या पुढे निघून गेली.

इकडे टेकड्यांचा रस्ता पाहून आल्यापासून दुर्गेशने मनाशी एक वेगळंच ठरवून ठेवलं होतं. दुसऱ्या चढावर गुडघा धरायचा, 'दुखावला' म्हणायचं आणि सन्मानाने अँब्युलन्समध्ये बसायचं. त्याप्रमाणे चढ येताच तो उतरला आणि केळ्यांच्या टेबलामागे सावलीत दगडावर टेकला.

टेबलापाशी गावातल्या रुखमाबाई होत्या. त्यांनी आधी त्याच्या छातीवरचा नंबर वाचला.

"तुमीच न दोनशे चौदा? बसून काहून राहिले?"

"गुडघा..."

"तुमची माय तिकडे तहानेनं बसली अन् तुमी सावलीत?"

"तुम्हाले कोणं सांगितलं?"

"साऱ्यायले माहीत हाय."

दुर्गेशने बाटली तोंडाला लावली. टेबलापाशी असलेले पाचही जण त्याच्या गळ्याकडे पाहू लागले. घोट खाली उतरेना.

"प्या, प्या," रुखमाबाई म्हणाल्या. "पण उभ्यानं प्या."

अँब्युलन्स मागेच होती. दुर्गेश लंगडत दाराशी गेला. ड्रायव्हरने काच चार बोटं खाली केली. "मी नाही घेत बा तुम्हाले. मलेबी माय आहे." काच वर गेली.

मग तो निमूट सायकलवर बसला. पुढे पळतानाही सुटका नव्हती. त्याला मागे टाकणारा प्रत्येक जण पाठीवर थाप मारून जाई, "चलो भाऊ, माताजी वाट पाहून राहिल्या."

शेवटची रेष रामाचं देऊळ असलेल्या रामटेकच्या गडाच्या पायथ्याशी आखलेली होती; सासू-सुना तिथे येऊन बसल्या होत्या. दोन वाजले. दोनशे चौदा अजून अडीच किलोमीटर दूर आहे, असं माइकवरून कळलं. कौशल्याबाईंच्या ओठांना कोरड पडली होती. देवाशी आणखी एकदा बोलावं असं त्यांना फार वाटलं. पण आधी त्या शेंगदाणेवाल्या लहानूकडे वळल्या.

"गडाच्या पायऱ्या किती गा, भाऊ?"

"सातशे असतीन, माय."

"उतराच्याही तेवढ्याच?"

"तेवढ्याच न."

कौशल्याबाईंनी आपल्या दोन्ही गुडघ्यांकडे पाहिलं, जरा विचार केला आणि डोळे मिटले. "सातशे चढायच्या बोलते, रामराया. उतरायचं तू पाहा."

दोन वाजून अठ्ठावीस मिनिटांनी दुर्गेश आला. पळत नव्हता, चालतही नव्हता. येत होता एवढंच. रेष ओलांडली तसा तो प्लास्टिकच्या खुर्चीत कोसळला. रीनाने पाण्याचा पहिला पेला मात्र सासूबाईंना दिला. त्या नमस्कार करून तीन घोटांत प्यायल्या. मग आणखी दोन पेले, एक केळं, आणि चार वाजेपर्यंत सावलीत पडून राहिल्या.

"फिटला न नवस, आई?" पदक गळ्यात घालून दुर्गेश म्हणाला. "चाल आता घरी."

"एक फिटला."

दुसरा ऐकून तो ओरडलाच. "आत्ता? अवं, गाडी जाते न वरपर्यंत!"

"गाडीनं बोलली असती तर गाडीनंच गेली असती."

"थांब, मी येतो संगं." तो उठला. मांड्यांनी ऐकलं नाही. तो पुन्हा खुर्चीत बसला.

"बस तू, बापू. मले घाई नाही. तिथं अडीचले बंद नाही करत."

माइकवाला वायरी गुंडाळत होता. कौशल्याबाईंनी चपला काढून मुलाच्या महागड्या बुटांशेजारी नीट लावून ठेवल्या. पदर खोचला. पहिल्या पायरीला हात लावून तो कपाळाला टेकवला आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाल्या,

"एक."