ठेवणीतली गाडी

एका जंगलात, जिथे रस्ते रुंद करायला अजून कुणी आलं नव्हतं, खवल्या मांजरांचं एक जोडपं राहत होतं.

मुलांनो, खवल्या मांजर तुम्ही पाहिलं नसेल. अंगभर खवले, हातभर जीभ, आणि खाणं म्हणजे मुंग्या आणि वाळवी. संकट आलं की ते अंगाचा गोळा करून पडून राहतं. वाघ येतो, हुंगतो, कंटाळतो आणि निघून जातो.

या जोडप्यातले खवलोपंत संकट नसतानाही गोळा होत. कुठलाही निर्णय घ्यायची वेळ आली, की झालाच त्यांचा गोळा. लेकीच्या लग्नात कुणीतरी विचारलं, "पंत, मांडवाला कापड कुठल्या रंगाचं लावायचं?" तेव्हा ते थेट वरात निघताना उलगडले.

त्यांची बायको द्वारकाबाई. गोळा होणं त्यांनाही येत होतं, पण परवडत नव्हतं. दोघंही गोळा झाल्यावर उतू जाणारं दूध कुणी बघायचं?

त्यांची लेक रेवती समुद्रापलीकडच्या थंडवनात राहायला गेली होती. तिकडच्या पांढऱ्या अस्वलाचा नियम असा, की आईबापांनी अर्धं वर्ष खुशाल पाहुणे म्हणून राहावं आणि उरलेलं अर्धं आपल्या जंगलात जावं. त्याप्रमाणे ही दोघं दरवर्षी जात.

थंडवनात सगळं छान होतं. फक्त चालायची सोय नव्हती. दूध आणायला गाडी लागे. भाजी आणायला गाडी लागे. व्यायामाला जायलासुद्धा गाडी लागे, आणि तिथे पोचल्यावर सगळे एका पट्ट्यावर जागच्या जागी चालत.

तुम्ही म्हणाल, जंगलात गाड्या कुठून आल्या? गोष्टीतला कोल्हा बोलतो, तेव्हा विचारता का, की तो कुठल्या शाळेत शिकला? मग आताही गप्प बसा.

तर थंडवनात द्वारकाबाईंना फक्त एकच गोष्ट हवी होती. त्यांना मथूला भेटायचं होतं.

मथू त्यांची बाळमैत्रीण. दोघी एकाच वारुळात जीभ घालून मोठ्या झालेल्या. मथूच्या मुलाने आईला कायमचं थंडवनात नेलं आणि इकडचं बीळ विकून टाकलं. मथूचे गुडघे गेलेले. म्हणजे ती काही आता परत यायची नव्हती. भेट व्हायची तर तिकडेच. आणि मथू राहायची रेवतीच्या घरापासून एका डोंगरापलीकडे.

पहिल्या वर्षी द्वारकाबाईंनी मथूसाठी घरून वाळवीचे लाडू करून नेले. रेवती म्हणाली, "आई, रविवारी नेते." रविवार आला. रेवतीने आईबाबांना एका प्रचंड दुकानात नेलं, कारण घरातलं सगळं संपलं होतं. पुढच्या रविवारी कपडे धुवायचे होते. रेवती वाईट नव्हती हो, दमलेली होती. मथूचे लाडू शेवटी जावईबापूंनी मिटक्या मारत संपवले.

दुसऱ्या वर्षीही तेच. लाडूसुद्धा तेच, खाणारेसुद्धा तेच.

दोघी मैत्रिणी मग फोनवर बोलत.

"इतक्या लांब येऊन फोनवरच बोलायचं, तर मी घरी काय वाईट होते?" द्वारकाबाई म्हणायच्या.

तिसऱ्या वर्षी मथूने एकदा बोलता बोलता सांगितलं, "द्वारके, लाडूबिडू राहू देत. तू ये. मला हल्ली नावं आठवत नाहीत गं. काल शेजारणीला मी सूनच समजले. तुझं नाव अजून पक्कं आहे. तोवर ये."

द्वारकाबाईंनी फोन ठेवला. त्या तडक नवऱ्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"अहो, आता गाडीचं बघाच. लेकीच्या तोंडाकडे किती दिवस बघायचं? तुम्हाला चालवता येते. परवानाही आहे."

"बघतो ना!" खवलोपंत म्हणाले. "पण विकत घ्यायची, की भाड्याने?"

आणि प्रश्न विचारल्याबरोबर त्यांचा गोळा झाला.

उलगडल्यावर ते सल्ला घ्यायला निघाले. थंडवनात आपल्याकडची पुष्कळ मंडळी होती. सल्ला ही तिथे एकच वस्तू फुकट मिळे.

पहिले भेटले घोरपडेकाका. नावाप्रमाणे घोरपडच. एकदा धरलं की सोडायचं नाही, हा त्यांचा बाणा.

"विकतच घ्या!" काका गरजले. "भाडं म्हणजे पाण्यात घातलेला पैसा. आपली वस्तू ती आपली वस्तू. मी बघा, या जंगलात आल्या आल्या गाडी घेतली. अजून तीच आहे."

"चालते का?"

"चालत नाही. पण आपली आहे."

खवलोपंतांना हे पटलं. तिथून ते टिटवीताईंकडे गेले. टिटवी तुम्हाला माहीत आहे. जन्मात घरटं बांधत नाही, उघड्या माळावर अंडी घालून मोकळी होते.

"छे छे! भाड्यानेच घ्या," टिटवीताई म्हणाल्या. "तुम्ही अर्धं वर्ष इथे नसणार. तेव्हा ती बर्फात उभी राहणार. उंदीर तारा कुरतडणार. विमा तुम्ही भरणार. हा पांढरा हत्ती पोसायचा कुणी?"

खवलोपंतांना हेही पटलं. दोन्ही पटल्यामुळे ते जे गोळा झाले, ते झाडांची पानं लाल होईपर्यंत.

"अहो," द्वारकाबाईंनी गोळ्याला हलवून म्हटलं, "तिकडे मथू नावं विसरत चाललीय, आणि तुम्ही कसला विचार करताय?"

शेवटी त्यांनीच मधला मार्ग काढला. एका आठवड्यापुरती भाड्याने घेऊ, जाऊन येऊ, मग बघू.

भाड्याच्या गाड्यांचं दुकान एका पेंग्विनचं होतं. जन्मजात कोट घातलेला, अत्यंत सभ्य पक्षी. त्याने एक निळी गाडी काढून दिली आणि मान लववून म्हणाला, "आपला प्रवास सुखाचा होवो."

पण प्रवास लगेच कसा होईल? गाडी दारात येताच द्वारकाबाईंचा जीव हरखून गेला. त्या हळदीकुंकू घेऊन बाहेर आल्या. टपावर स्वस्तिक काढलं. हार घातला. नारळ फोडला, त्याचं पाणी चारी चाकांवर शिंपडलं. चाकाखाली लिंबू ठेवून चिरडलं. मुंग्यांचे पेढे वाटले.

"आई, अगं ही भाड्याची आहे!" रेवती ओरडली.

"भाड्याची असली म्हणून देवाला काय कळतंय? तो काय कागद बघतो?" द्वारकाबाई म्हणाल्या.

इथे, मुलांनो, बाईंचं जरा चुकलंच.

पूजा झाल्यावर खवलोपंतांनी पंचांग काढलं. अमावास्या जवळ आली होती. अमावास्या होईपर्यंत गाडी नुसती उभी राहिली. मग ते म्हणाले, "पूजेची गाडी आधी देवळात न्यायला हवी." देऊळ मथूच्या घराच्या बरोब्बर उलट्या दिशेला होतं. देवळात जाऊन प्रसाद घेऊन परत येईपर्यंत आठवडा सरला, आणि गाडी परत करायची वेळ झाली.

पेंग्विनने गाडी पाहिली. टपावरच्या स्वस्तिकावरून चोच फिरवली. कुंकू निघेना. तरी त्याने मान लववली. सभ्य होता.

तेवढ्यात एक रानडुक्कर पुढची गाडी घ्यायला आलं. पायाला हा चिखल! पेंग्विनने त्याला तीच निळी गाडी दिली.

खवलोपंतांच्या काळजात चर्र झालं. "अगं, पूजा केलेली गाडी! ती अशी कुणाच्याही हाती द्यायची? आपल्याला पाप लागेल!"

आणि आयुष्यात पहिल्यांदाच ते गोळा न होता ताठ उभे राहिले. त्यांनी ती गाडी विकत घेतली. पाण्यात म्हैस, वर मोल असला व्यवहार नव्हता हो. गाडी समोर दिसत होती, तिचे पोचे दिसत होते, तरी नव्या गाडीचे पैसे मोजले. रानडुकराला दुसरी मिळाली. पेंग्विनने त्या संध्याकाळी घरी जाऊन मासे जरा जास्तच खाल्ले.

द्वारकाबाईंना आनंदाचं भरतं आलं. आता मथू फक्त एका डोंगरापलीकडे!

पण मुलांनो, आपल्या जंगलात एक रीत आहे. जी वस्तू चांगली, ती वापरायची नाही. चांगल्या कपबशा कपाटात, आणि चहा कान तुटलेल्या कपात. चांगली चादर पेटीत, आणि अंगावर विरलेली. विचारलं तर सांगायचं, ती ठेवणीतली आहे. कुणासाठी ठेवली आहे, हे आजवर कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही.

गाडी आपली होताच ती ठेवणीतली झाली.

खवलोपंतांनी आसनांवर नवं प्लास्टिक चढवलं. वरून गोधडी पांघरली. पाऊस असला की म्हणायचे, "गंज चढेल." ऊन पडलं की म्हणायचे, "रंग उडेल." बर्फ पडला की बोलायलाच नको. सकाळी गोधडी काढायची, गाडी सुरू करायची, डोळे मिटून तिचा आवाज ऐकायचा, बंद करायची आणि पुन्हा गोधडी घालायची. बाजारात जायचं झालं, की ते घोरपडेकाकांना विचारत, "कुणाच्या गाडीतून जाताय? जागा आहे का?"

"उद्या मथूकडे जाऊ या," द्वारकाबाई म्हणाल्या.

"जाऊ की. पण अगं, डोंगरात खडीचा रस्ता आहे."

"मग?"

"खडी उडते. रंगाचे टवके जातात."

"आणि मथूचं काय जातं, ते दिसत नाही तुम्हाला?"

खवलोपंत गोळा झाले. द्वारकाबाईंना रडू आलं. मग आपण रडतोय याचा राग आला. त्या रागातच त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि लेकीला म्हणाल्या, "रेवती, मला गाडी चालवायला शिकव."

रेवती आईकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "रविवारी शिकवते." आणि या वेळी, काय सांगू, रविवारी खरंच शिकवलं! कपडे न धुता. दुकानामागच्या मोकळ्या मैदानावर, स्वतःच्या गाडीवर.

द्वारकाबाई झटपट शिकल्या. आपल्याकडे गाड्या डावीकडून जातात, तिकडे उजवीकडून. खवलोपंतांना त्याचा फार त्रास होई. द्वारकाबाईंनी जन्मात चाक हातात धरलं नव्हतं, त्यामुळे त्यांना विसरायचं असं काही नव्हतंच. परीक्षा घेणाऱ्या अस्वलाने दोनदा खेकसून पाहिलं. सासूबाईंच्या हाताखाली दिवस काढलेल्या बाईला ते खेकसणं म्हणजे अंगाईच वाटली.

परवाना हातात पडताच त्या नवऱ्याकडे गेल्या. "अहो, किल्ली द्या."

खवलोपंतांनी किल्ली मुठीत धरली आणि किल्लीसकट गोळा झाले. वाघाला जो गोळा उघडत नाही, तो बायकोला काय उघडणार?

द्वारकाबाई तशाच पेंग्विनकडे गेल्या.

"आपल्याकडे स्वतःची गाडी आहे ना?" पेंग्विनने नम्रपणे विचारलं.

"ती आमच्या ह्यांची आहे. मला रस्त्यावरून जाणारी हवीय."

पेंग्विनने एक जुनी, दार चेपलेली गाडी पुढे केली. मग दबकत विचारलं, "नारळ?"

"नाही. घाईत आहे."

गाडी दारात आणून त्यांनी भोंगा वाजवला. खवलोपंत अजून गोळाच होते. "येताय का?" असं विचारण्यात अर्थ नव्हता, तो आणखी एक निर्णय झाला असता. त्यांनी गोळा उचलला, शेजारच्या आसनावर ठेवला, वरून पट्टा आवळला आणि निघाल्या.

डोंगर सुरू झाला. खडी ताडताड उडू लागली. पहिल्या वळणावर गोळ्यातून एक डोळा बाहेर आला. दुसऱ्या वळणावर नाक आलं. तिसऱ्या वळणावर खवलोपंत सरळ बसून खिडकीतून बाहेर बघत होते.

"अगं, काय सुंदर आहे हे! आणि खडी उडतेय तर उडू दे! आपलं काय जातंय?"

थोड्या वेळाने त्यांनी मथूसाठी घेतलेला लाडवांचा डबा उघडला. आसनभर भुगा सांडत ते म्हणाले, "जरा जोरात घे ना! भाड्याची तर आहे!"

इतके खूश ते लग्नातही नव्हते. द्वारकाबाई हसल्या, पण त्यांचं लक्ष रस्त्यापलीकडे होतं. त्यांना एकच भीती वाटत होती. आपल्याला उशीर तर झाला नाही ना?

मथू अंगणात उन्हाला बसली होती. द्वारकाबाई गाडीतून उतरल्या आणि तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. मथूने वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"मी..." त्या म्हणायला लागल्या.

"कळलं गं," मथू म्हणाली. "द्वारके, किती उशीर केलास! पार रंगीत पानं गळून गेली."

मग दोघी म्हाताऱ्यांनी एकमेकींना अशी मिठी मारली, की दोघींचा मिळून एकच गोळा झाला. आतून हसू येत होतं की रडू, ते बाहेरून कळेना. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, पण माझं राहू द्या.

मथूचा मुलगा चेपलेल्या दाराकडे बघत खवलोपंतांना म्हणाला, "काका, गाडी भाड्याची वाटतं?"

खवलोपंतांचे सगळे खवले ताठ झाले. "ही भाड्याची. आमची स्वतःची आहे! घरी."

"मग ती का नाही आणली?"

"शहाणाच आहेस!" खवलोपंत म्हणाले. "इतक्या लांब? खराब नाही का होणार?"

त्यानंतर परत जायची वेळ येईपर्यंत दोघं दर आठवड्याला मथूकडे जात राहिली, पेंग्विनच्या गाडीतून. आता ती आपल्या जंगलात आहेत. खवलोपंत रोज लेकीला फोन करतात, आधी गाडीची खुशाली विचारतात आणि मग तिची.

तात्पर्य : परदेशात मुक्काम लांबणार असेल, तर स्वतःची गाडी प्रत्येकाने अवश्य घ्यावी. ती घरी गोधडीखाली सुखरूप असली, म्हणजे भाड्याच्या गाडीतून निर्धास्त हिंडता येतं.