ढोमणेकाकांचं इमिग्रेशन

आमच्या शेजारच्या घरात शिरायचं असेल तर आधी इमिग्रेशन पार करावं लागतं. हे मी गमतीनं म्हणत नाही. फाटक उघडलं की व्हरांड्यात एक घडीचं टेबल, टेबलामागे खुर्ची, खुर्चीत ढोमणेकाका, आणि टेबलापुढे फरशीवर ऑइलपेंटनं ओढलेली जाड पिवळी रेघ. रेघेच्या अलीकडे थांबायचं. काकांनी बोट हलवलं की पुढे जायचं. दूधवाला, गॅसवाला, गणपतीची वर्गणी मागायला येणारे मंडळाचे कार्यकर्ते, सगळे तिथे मुकाट्यानं थांबतात. काका चष्म्यावरून बघतात.

"पर्पज ऑफ व्हिजिट?"

"दूध," दूधवाला म्हणतो.

"किती मुक्काम?"

"काकू भांडं आणेपर्यंत."

"या."

विनायक ढोमणे हे बॉयलरचे इंजिनीअर. ऐन तारुण्यात नागपूर सोडून ते ब्रिटनला गेले आणि तिथलं नागरिकत्व घेतलं. मग कॅनडाला गेले आणि तिथलंही घेतलं. हे दोन्ही देश एकमेकांचं चालवून घेतात. भारत चालवून घेत नाही, म्हणून भारताचा पासपोर्ट परत करावा लागला आणि त्याच्याऐवजी ओसीआय कार्ड मिळालं. माणूस परदेशी आहे पण मूळचा आपला आहे, अशा अर्थाचं ते कार्ड. निवृत्तीनंतर दोन पासपोर्ट आणि एक कार्ड घेऊन काका त्रिमूर्तीनगरात परत आले. उभं आयुष्य बाहेर काढूनही त्यांची बोली तसूभर हललेली नाही. लंडनच्या विमानतळावरच्या साहेबालाही ते कधीतरी "काहून गा" म्हणाले असतील, असा मला दाट संशय आहे.

टेबल मांडण्यामागे मात्र समाजसेवा आहे. आमच्या कॉलनीत दर दुसऱ्या घरातलं कोणी ना कोणी परदेशात असतं. त्यांचे आईवडील जायला निघाले की आधी काकांकडे रंगीत तालीम होते. मिहानमधल्या कंपनीतून पहिल्यांदा बाहेर जाणारे टाय लावलेले इंजिनीअरसुद्धा इथे येऊन बूट काढतात. काका अधिकारी होतात आणि अधिकारी झाले की ओळख दाखवत नाहीत.

चौधरीआजी मुलाकडे जर्मनीला निघाल्या होत्या तेव्हा मी व्हरांड्यातच होते.

"कोणाकडे राहणार?" काकांनी विचारलं.

"पोराकडे. पण सून काही बरोबर नाही बाप्पा. मागच्या वेळी तिनं..."

"आजी, जेवढं विचारलं तेवढंच सांगा. बॅगेत काय आहे?"

"पापड, लोणचं, संत्र्याची बर्फी. आणखी एक आहे, पण ते कोणाले सांगू नको म्हणून पोरानं सांगितलं आहे."

"नापास," काका म्हणाले. "उद्या या."

आजी उद्या आल्या आणि परवाही आल्या. चौथ्या तालमीला पास झाल्या, तेव्हा काकूंनी त्यांची ओटी भरली.

काकांचं एक वाक्य कॉलनीत सगळ्यांना पाठ आहे: "ज्याच्या दारात उभं, त्याचा कागद वर." म्हणजे ब्रिटनमध्ये शिरताना ब्रिटनचा पासपोर्ट, कॅनडात शिरताना कॅनडाचा, आणि भारतात येताना पासपोर्टसोबत कार्ड. दोन पासपोर्टवाल्या माणसानं कुठे काय दाखवायचं याचं सगळं शास्त्र या वाक्यात आहे, असं त्यांचं म्हणणं. बसताउठता म्हणतात. लग्नात अहेराचं पाकीट देतानाही म्हणतात.

माझं आणि काकांचं भांडण जुनं आहे. आमच्या घरी पत्रकं छापायची आणि वाटायची रीत. बाबा युनियनचे. अक्षरं यायच्या आधी मला पत्रकाची घडी घालता येत होती. माणसाच्या हातातल्या पुस्तिकेवरून त्याची रांग ठरावी, एकाला हसून आत घ्यावं आणि दुसऱ्याला त्याच्या बँकेतल्या शिलकेपासून आजोबांच्या गावापर्यंत सगळं विचारावं, हे मला मान्य नाही. आजही नाही. ही रांग निसर्गानं पाडलेली नाही, ती माणसांनी पाडली आहे आणि माणसांनीच पुसली पाहिजे. यावर मी एक पत्रक लिहिलं आणि मोठ्या विश्वासानं पहिली प्रत काकांना दिली. दुसऱ्या दिवशी ती लाल शाईनं भरून परत आली.

"हे चूक आहे," काका म्हणाले. "तू लिहिलं, दुहेरी नागरिकत्व असलेले भारतीय. मी दुहेरी नागरिक आहो, पण ब्रिटनचा अन् कॅनडाचा. भारताचा मी नागरिक नाही. हे कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे वं पोट्टी. याच्यावर मले मत देता येत नाही, वावर घेता येत नाही."

"बाकीचं पत्रक कसं वाटलं?"

"बाकीचं बरोबर आहे."

"मग तुम्हाला चीड येत नाही?"

"येते ना. पण चीड येऊनही रांगेतच उभं राहा लागते. तुझं भाषण झालं असन तर बूट काढ. सिक्युरिटी आली."

आता त्या पासपोर्टांबद्दल. ब्रिटनचा निळा, कॅनडाचा निळा आणि भारताचाही निळाच. जगात एवढे रंग असताना या तिघांनी एकच काहून घेतला, ही काकांची जुनी तक्रार. कुसुमकाकूंनी त्यावर उपाय काढला. सीताबर्डीवरून खणाचे दोन तुकडे आणले, एक हिरवा आणि एक जांभळा, आणि पासपोर्टांना कव्हरं शिवली. हिरवा कॅनडा, जांभळा ब्रिटन. काका मग पासपोर्ट उघडून बघेनासे झाले. नुसता रंग बघायचे आणि पुढे करायचे.

एकदा काका एकटेच कॅनडाला निघाले होते. आदल्या आठवड्यात काकूंनी कव्हरं धुतली आणि वाळल्यावर जे हाताला आलं ते चढवलं. मी काकांना विमानतळावर सोडायला गेले होते. त्यांचं चेक-इन मला काचेतून दिसत होतं आणि पुढचं संभाषण काकांनीच नंतर सांगितलं. त्यांनी ऐटीत हिरवं कव्हर पुढे केलं. काउंटरवरच्या मुलीनं आत बघितलं.

"सर, कॅनडात जायची परवानगी काढली आहे का?"

"मले कायची परवानगी? मी तिथलाच आहो."

"पण सर, या पासपोर्टवर तुम्ही तिथले नाही."

मला काचेतून एवढंच दिसलं की काकांचे कान लाल झाले. त्यांनी पासपोर्ट परत घेतला, शांतपणे मागे वळले, रेघेच्या अलीकडे जाऊन उभे राहिले, खिशातून जांभळं कव्हर काढलं आणि मुलीनं हात केल्यावर जणू आयुष्यात पहिल्यांदाच येत असल्यासारखे पुढे गेले.

"गुड मॉर्निंग," त्यांनी म्हटलं.

कुसुमकाकूंच्या पासपोर्टाला मात्र कव्हर नाही. तो भारताचा आहे. काकांनी दोन देशांचं नागरिकत्व घेतलं, काकूंनी एकदाही भारताचं सोडलं नाही. काहून, असं विचारलं की त्या म्हणतात, "घरातलं एक माणूस तरी मतदानाले जावा ना." निवडणूक झाली की व्हरांड्यात येऊन त्या शाई लावलेलं बोट काकांच्या नाकापुढे धरतात. तेवढ्या एका दिवशी अधिकारी खुर्चीतून उठून उभे राहतात.

याचा परिणाम असा की संसारभर दोघांनी प्रवास एकत्र केला आणि रांगा वेगळ्या लावल्या. काकू म्हणतात, "विमानातून उतरलं की आमचा घटस्फोट. यांची रांग त्या बाजूनं, माझी या बाजूनं." काका पाच मिनिटांत बाहेर. काकू मागे लांब रांगेत. तिथे त्या कोणाच्या मुलीचं लग्न जुळवत असायच्या, कोणाला गुडघ्याचं तेल सांगत असायच्या. बाहेर आल्या की काका सगळ्या बॅगा गोळा करून त्यांच्यावर पहारा देत उभे, चेहरा असा की काकूंना कोणी पळवूनच नेलं होतं.

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या मुलीकडून, रश्मीताईकडून, बातमी आली. ती कॅनडात असते. बऱ्याच वर्षांनी, डॉक्टरांच्या बऱ्याच खेपा झाल्यावर, तिला पहिलं मूल होणार होतं. आईनं यावं एवढंच तिचं मागणं होतं. काकूंचा तिथल्या मुक्कामाचा जुना हक्क नागपूरला स्थायिक झाल्यावर संपला होता, म्हणून व्हिसासाठी अर्ज केला. काकूंनी डिंकाचे लाडू वळायला घेतले आणि काकांनी तालमी.

"पर्पज ऑफ व्हिजिट?"

"बाळंतपण."

"कोणाचं?"

"तुमच्या पोरीचं. आणखी कोणाचं?"

"परत येणार कायवरून?"

"महापालिकेची निवडणूक आहे."

"नापास," काका म्हणाले. पण हसत होते.

व्हिसा येईना. काका रोज संगणक उघडून बघायचे. अर्ज विचाराधीन. ताईचे दिवस भरत आले तरी विचाराधीनच. शेवटी एका सकाळी काकूंनी लाडवांचा डबा टेबलावर आणून ठेवला. मी पोहे खात होते.

"तुम्ही जा," काकू म्हणाल्या. "पोरगी एकटी आहे. तुमच्याजवळ दोन-दोन पासपोर्ट आहेत. हे लाडू घेऊन जा."

काका आत गेले. हिरवं कव्हर घेऊन आले. पासपोर्ट उघडून बराच वेळ बघत राहिले.

"जमत नाही," ते म्हणाले. "मुदत सहा महिन्यांच्या आत आली. विमानात बसू देणार नाहीत."

"मंग दुसऱ्यावर जा."

"दुसऱ्यावर चालत नाही. कॅनडाच्या माणसाले कॅनडाचाच दाखवा लागते."

"मंग नवा काढा."

"नव्याले वेळ लागते. तोवर पोरगी मोकळी होऊन जाईन."

काकू डब्याचं झाकण घट्ट करत बसल्या. मी तोवर फोनवर शोधलं होतं. सहा महिन्यांची अट पाहुण्यांना असते. स्वतःच्या देशात परत जाणाऱ्याला कोणता देश असं अडवेल?

"पण काका, स्वतःच्याच देशात..."

"बाहेर चाल," काका म्हणाले. "ती रेघ पुसट झाली आहे. तुले दाखवतो."

रेघ झगझगीत पिवळी होती. आम्ही दोघं तिच्याकडे बघत उभे राहिलो.

"काका, असा नियम नाही."

"नाही."

"तुम्ही नियमाबद्दल खोटं बोललात."

"बोललो ना." त्यांनी पायानं रेघेवरची धूळ सारली. "खरं सांगितलं असतं तर तिनं मले हाताले धरून विमानात बसवून दिलं असतं. अन् तिच्या आधी मी ते बाळ हातात घेतलं असतं."

मी फोन बंद करून खिशात टाकला.

ताईला मुलगी झाली. दोन दिवसांनी दुपारी तिचा व्हिडिओ कॉल आला. बाहेर ऊन नुसतं भाजत होतं, कुलरच्या आवाजात काही ऐकू येईना म्हणून काकांनी तो बंद केला आणि तिघं घामाघूम होऊन फोनपुढे बसलो. बाळ कपड्यात गुंडाळलेलं, एवढंसं, आणि भरपूर जावळाचं. काकू नुसत्या "अगं बाई, अगं बाई" म्हणत होत्या. ताई थकलेली दिसत होती. बाळाला दाखवून झाल्यावर ती म्हणाली,

"बाबा, आईचा व्हिसा नाही आला, समजलं. पण तुम्ही तरी यायचं होतं."

"मुदत सहा महिन्यांच्या आत आली होती पोरी."

"कॅनडाच्या माणसाला कॅनडात यायला सहा महिने लागत नाहीत, बाबा. एक दिवस उरला असला तरी चालतं. हे मला तुम्हीच शिकवलं."

काका खिडकीकडे बघत होते. काकूंनी काकांकडे बघितलं, आणि बघतच राहिल्या. मग फोन स्वतःकडे ओढला.

"नवीन नियम निघाला आहे," त्या म्हणाल्या. "तू दवाखान्यात होती, तुले माहीत नसन."

"असा कसा नियम निघेल आई? कोणी सांगितलं?"

"मी वाचला. या पोट्टीनंही वाचला. विचार तिले."

काकूंनी फोन माझ्याकडे वळवला.

"हो ताई," मी म्हटलं. "निघालाय."

आमच्या कॉलनीत कोणी चुकीचा नियम सांगितला आणि ढोमणेकाकांनी तो दुरुस्त केला नाही, असं आजवर घडलं नव्हतं. त्या दुपारी ते घडलं. काकूंचा हात अवघडला तसा काकांनी फोन आपल्या हातात घेतला आणि बाळ काकूंना नीट दिसेल असा तिरका धरला. त्या कोनातून त्यांना स्वतःला काहीच दिसत नव्हतं. ते तसाच धरून बसले.