पक्का बाट

सकाळी साडेसातला बाळकृष्ण शेवडे कापडी पिशवी भरत होते. स्प्रिंगचा वजनकाटा, मोजपट्टी, स्टॉपवॉच, वही आणि वजन करायचा पन्नास ग्रॅमचा पितळी बाट. स्वयंपाकघरात सरलाताई पोह्यांवर सेव पेरत होत्या, पण डोळा पिशवीवर होता.

"बाळू, एक दिवस राहायला चाललायस की दुकान मांडायला?"

"तपासणीला चाललोय, ताई. तपासणीला हात हलवत जात नसतात."

"जा बाबा, जा. पण तिथल्या लोकांशी नीट बोल. तू बोलायला लागलास की माणसं वकील शोधायला लागतात."

प्रकरण असं होतं की सरलाताईंचे दोन्ही गुडघे पुढच्या महिन्यात बदलायचे होते. त्यानंतर दीड महिना कोणीतरी उठवायला-बसवायला हवं. इंदूरच्या अन्नपूर्णा भागातलं त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि बाळकृष्णांना चहापलीकडे काही येत नव्हतं. तो चहाही पिणाऱ्याच्या सहनशक्तीवर अवलंबून असे. तेव्हा भाचीने विजय नगरमधल्या 'सायंप्रभा' नावाच्या भारी शुश्रूषागृहाचं माहितीपत्रक आणून दिलं. तिथे ऑपरेशननंतरची माणसं राहत, म्हातारी माणसं कायमचीही राहत, आणि 'एक दिवस आमचे पाहुणे व्हा' अशी त्यांची योजना होती.

"तू राहून ये," सरलाताई म्हणाल्या होत्या. "तू पास केलंस तर मी जाईन. आणि चांगलं असलं ना, तर तिथेच राहीन म्हणते. हे जिने आता नको वाटून राहिले."

हे शेवटचं वाक्य बाळकृष्णांच्या घशात अडकून बसलं होतं. बायको गेल्यावर ते अकरा वर्षांपूर्वी या थोरल्या बहिणीकडे राहायला आले. तेव्हापासून दोघं सकाळी पोह्यांवरून भांडत, दुपारी पंख्यावरून आणि संध्याकाळी सकाळच्या भांडणावरून. ताई कायमची गेली तर भांडायचं कोणाशी? हे बोलून दाखवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी मनाशी एवढंच ठरवलं की सायंप्रभा नापास झालंच पाहिजे.

नापास करणं त्यांच्या हातचा मळ होता. नापतौल खात्यात त्यांनी चौतीस वर्षं दुकानदारांचे काटे तपासले होते. खात्यात नवी पोरं आली की ते सांगत, "दुकानदाराशी वाद घालायचा नाही. त्याच्या काट्यावर आपला पक्का बाट ठेवायचा. काटा खरा की खोटा, तो स्वतःच बोलतो."

सायंप्रभाच्या दारात मॅनेजर स्पृहा मॅडमने त्यांना कैरीचं पन्हं दिलं, मनगटावर निळी पट्टी बांधली आणि पहिल्या मजल्यावरची खोली दाखवली. घरचा संपर्क म्हणून त्यांनी ताईंचा नंबर दिला. तपासणी गुप्त असल्याने बाकी काही सांगितलं नाही. खोलीत शिरताच त्यांनी स्टॉपवॉच काढलं आणि पलंगाजवळची बेल दाबली.

चाळीस सेकंदांत नर्स अमिता दारात हजर. "काय हवं, काका?"

"काही नाही."

"बरं. लागलं तर बोलवा हं."

पाच मिनिटांनी त्यांनी पुन्हा बेल दाबली. एकतीस सेकंद. तिसऱ्यांदा बावीस. प्रत्येक वेळी तेच हसू, तेच "काय हवं, काका?" दुकानदार तिसऱ्या प्रश्नाला तरी वैतागतो, ही बाई वैतागायचं नाव घेईना. सातव्यांदा त्यांनी बेलकडे हात नेला, तेवढ्यात दार उघडलं.

"तुम्ही बोलावणारच होता, म्हणून मीच आले," अमिता म्हणाली.

बाळकृष्णांनी वहीत 'बेल' असं लिहिलं आणि पुढे काय लिहावं ते न सुचल्याने पान उलटलं.

मग झाडलोट. त्यांनी पितळी बाट पलंगाखाली सरकवला आणि खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. दहा मिनिटांत सफाईवाली बाई बाट घेऊन समोर. "बाबूजी, आपका गिर गया था." त्यांनी तो पडद्यामागे ठेवला. अमिताने आणून दिला. तेव्हा त्यांनी तो अशा जागी ठेवला की ब्रह्मदेवालाही सापडू नये, आणि समाधानाने खोलीबाहेर पडले.

आता उलटतपासणी. एकच प्रश्न चार जणांना वेगवेगळा गाठून विचारायचा. थाप असेल तर उत्तरं जुळत नाहीत. त्यांनी गार्डला विचारलं, स्वयंपाक्याला विचारलं, सफाईवालीला विचारलं, शेवटी स्पृहा मॅडमलाही विचारलं, "भेटायला येणाऱ्यांची वेळ काय?" चौघांनीही सांगितलं, दहा ते सात. "आणि रोज आलं तर चालतं का?" असंही त्यांनी चौघांना विचारलं. हे विचारताना आवाज थोडा घोगरा येत होता, म्हणून त्यांनी पन्ह्याला दोष दिला.

दुपारी जेवण आलं. ताटासोबतच्या कार्डावर 'डाळ : १५० ग्रॅम' असं छापलेलं पाहून बाळकृष्णांना तरुण झाल्यासारखं वाटलं. त्यांनी डाळीची वाटी रुमालात बांधून काट्याला लटकवली. मग शेजारच्या टेबलावरची रिकामी वाटी उचलली, तीही लटकवली आणि वजाबाकी केली. एकशे बासष्ट!

"डाळ बारा ग्रॅम जास्त आहे!" ते ओरडले.

सगळं भोजनगृह थांबलं. अमिता धावत आली. "कमी आहे का, काका? आणखी आणू?"

"जास्त आहे म्हणतोय ना! चौतीस वर्षांत मला कोणी जास्त दिलेलं नाही!"

"ओके ओके. मग आजपासून घ्या सवय करून," अमिता म्हणाली आणि जाता जाता खिशातल्या वहीत काहीतरी लिहून गेली.

पण शेवटी मासा गळाला लागलाच. डाळीवर घालायला दिलेली सेव भाजकी होती, फिकी, बिनमिठाची. इंदूरमध्ये असली सेव! बाळकृष्णांनी 'सेव : नापास' असं मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. अमिताने ते वाचलं असावं. तिने त्यांचं ब्लडप्रेशर मोजलं, कोणालातरी फोन केला, आणि पंधरा मिनिटांत सांवेर गावचा गार्ड आपला डबा घेऊन उभा. "लो बाबूजी, घर की लौंग सेव है. डॉक्टर साब ने एक चम्मच बोला है." ती सेव इतकी झकास होती की बाळकृष्णांना दुसरी रेघ खोडावी लागली.

दुपारी ते कॉरिडॉरमध्ये गुडघ्यांवर बसून मोजपट्टी सरकवत असताना समोर दोन बूट आले. बुटांच्या वर डॉक्टर नीरज होते, वय तीसच्या आत.

"अंकल, जमिनीवर बसून काय करून राहिलात?"

"कॉरिडॉर मोजतोय. माहितीपत्रकात आठ फूट छापलंय."

"अच्छा. मग किती भरला?"

"आठ फूट दोन इंच," बाळकृष्ण दुःखाने म्हणाले.

डॉक्टरांनी त्यांना हात देऊन उठवलं, खुर्चीवर बसवलं. "अंकल, आज तारीख काय आहे?"

"तपासणीत प्रश्न निरीक्षक विचारतो. तुम्ही फक्त उत्तरं द्यायची."

"आणि निरीक्षक कोण?"

आता गुप्तता पाळणं अपमानाचं होतं. "मी! बाळकृष्ण शेवडे, नापतौल निरीक्षक!"

"अच्छा. मतलब सर्विसमध्ये आहात?"

"तेरा वर्षांपूर्वी रिटायर झालो."

"आणि आज तपासणीवर आलात."

"आलोच आहे!"

"बिल्कुल, सर," डॉक्टर फार मऊ आवाजात म्हणाले. बाळकृष्णांच्या बोलण्याला इतक्या लवकर आजवर कोणी हो म्हटलं नव्हतं. तिथेच त्यांना शंका यायला हवी होती, पण त्यांना अभिमान वाटला.

"सर, वरचा मजलाही तपासून घ्या ना," डॉक्टर म्हणाले, आणि बाळकृष्ण आनंदाने लिफ्टमध्ये शिरले. दुसऱ्या मजल्यावर सोफे होते, फुलझाडं होती, भिंतीवर आजचा वार मोठ्या अक्षरांत लिहिलेला होता. आत शिरताच मजल्याचं दार मागे बंद झालं. त्याला कडी नव्हती, मूठ नव्हती, फक्त आकड्यांच्या बटणांची पाटी होती. त्यांनी दार ढकललं, मग ठोठावलं, मग दरडावलं. दार काही बोललं नाही.

सोफ्यावर एक तुकतुकीत म्हातारे गृहस्थ कलिंगड खात बसले होते. त्यांनी आपलं नाव तात्याराव असं सांगितलं आणि विचारलं, "नवीन?"

"मी इथे राहायला नाही आलो," बाळकृष्ण ताठ होत म्हणाले. "मी तपासणीला आलोय."

"वा! मीपण," तात्याराव म्हणाले. "सहा वर्षं झाली. रिपोर्ट लिहायचाय अजून. पण घाई काय आहे, भिया? संध्याकाळी साबुदाण्याचे वडे आहेत."

बाळकृष्णांच्या पायांखालची आठ फूट दोन इंच जमीन सरकली. त्यांनी बेल दाबली. या वेळी खरोखरच दाबली. अमिता आठ सेकंदांत आली, पण उपयोग काय? "मी विसराळू नाही!" ते म्हणाले. "हो काका," अमिता म्हणाली. "मी निरीक्षक होतो!" "हो काका." "हे तात्याराव खोटं बोलतात, मी खरं बोलतोय!" "हो काका," अमिता म्हणाली, आणि तात्यारावांनी कलिंगडाची फोड त्यांच्यापुढे केली. ते दोन तास बाळकृष्णांनी कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. दर पाच मिनिटांनी ते भिंतीवरचा वार वाचत आणि तो आपल्याला आधीपासून माहीत होता याची खात्री करून घेत.

पाच वाजता सरलाताई काठी टेकत लिफ्टने वर आल्या. डॉक्टरांनी फोन करून बोलावलं होतं. बाळकृष्ण त्यांच्याकडे लहान मुलासारखे धावले. "ताई, सांग यांना! मी कसा आहे ते सांग!"

"आधी ते काय म्हणतात ते तर ऐकू दे," सरलाताई म्हणाल्या आणि निवांत बसल्या.

डॉक्टरांनी फाइल उघडली. "आँटी, घाबरू नका. सकाळपासून सहा-सात वेळा बेल वाजवली, कारण आठवत नाही."

"घरी मला अकरा वेळा हाका मारतो. पुढे?"

"वस्तू लपवून ठेवतात. अन्नाचं वजन करतात."

"लग्नात पंगतीतला लाडू मोजला होता. स्वतःच्या लग्नात. पुढे?"

डॉक्टर जरा गोंधळले. "हा स्वभाव आहे?"

"आता बहात्तराव्या वर्षी आजार कुठून होणार? जन्मापासून असाच आहे."

"मग शेवटचं वाचतो. हे सिस्टर अमितांनी लिहिलंय." डॉक्टरांनी पान उलटलं. "'काका सगळ्यांना एकच विचारतात, भेटायला रोज येऊ देता का. सगळेच म्हणतात, विचारताना आवाज बदलतो. मला हा विसराळूपणा वाटत नाही. काकांना एकटं राहायची भीती वाटत असावी. बहिणीशी बोलावं.'"

बाळकृष्ण भिंतीवरचा वार वाचू लागले. चौतीस वर्षं त्यांनी लोकांच्या काट्यांतली लबाडी पकडली होती. आज त्यांची कोणीतरी पकडली होती, तीही एका दिवसात.

"बाळू," सरलाताई म्हणाल्या, "काटा खरा की खोटा हे कसं बघतात रे?"

"पक्का बाट ठेवून."

"पक्का म्हणजे कसला?"

"ज्याचं वजन आपल्याला आधीपासून ठाऊक आहे, असा."

"मग मी तेच केलं. अकरा वर्षं मी तुला रोज उचलते आहे. तू किती जड आहेस ते मला ग्रॅमपर्यंत पाठ आहे. मला ह्यांची डाळ नव्हती मोजायची, तुलाच ह्यांच्या काट्यावर ठेवायचं होतं. तुला दिवसभर सांभाळून कोणी ओरडलं नाही, कोणी तोंड वाकडं केलं नाही. तुझं दुखणं तू लपवलंस तरी त्या पोरीने ओळखलं. अब बोलो! माझे दोन गुडघे काय जड होणार ह्यांना?"

बाळकृष्णांचं दिवसभर अडकलेलं वाक्य एकदाचं बाहेर पडलं. "आणि कायमची राहणार होतीस, त्याचं काय?"

"इथे?" सरलाताईंनी चहूकडे पाहिलं. "दीड महिना राहीन आणि घरी येईन. इथे सगळे हो काका, हो काकू करतात. मी भांडू कोणाशी?"

बाळकृष्णांना इतका आनंद झाला की त्यांनी डॉक्टरांना आजची तारीख सांगून टाकली, तिथीसकट.

सहाच्या सुमारास दोघं रिक्षात बसली. मांडीवर पिशवी घेऊन बाळकृष्ण वहीत अहवाल लिहू लागले. "डाळ बारा ग्रॅम जास्त. सेव सुधारणेस पात्र. भेटीची वेळ नऊपर्यंत हवी," ते मोठ्याने म्हणाले. "बाकी पास. बघ ताई, एवढ्या गडबडीत एक मुद्दा सुटला नाही. म्हणे विसराळू!"

रिक्षा निघणार तोच फाटकातून अमिता पळत आली. तिच्या तळहातावर पन्नास ग्रॅमचा पितळी बाट होता.

"काका! एसीच्या वर होता."

बाळकृष्ण बाटाकडे बघत राहिले. तो सकाळी आपणच तिथे ठेवला होता, आणि त्यानंतर त्यांना त्याची एकदाही आठवण झाली नव्हती. त्यांनी हळूच सरलाताईंकडे पाहिलं. सरलाताई उगीचच समोरची दुकानं बघत होत्या.

"सिस्टर," ते खाली वाकून कुजबुजले, "हे फाइलमध्ये..."

"काय, काका?" अमिता म्हणाली. "मी तर तुम्हाला टाटा करायला आले होते."

तिने बाट त्यांच्या मुठीत ठेवला, वरून मूठ मिटली आणि ती आत गेली. बाळकृष्णांनी वही पुन्हा उघडली, पेन्सिल ओली केली आणि 'सेव'च्या खालची उरलेली रेघही खोडून टाकली.