फुकटची जोडणी

"पैसे भरून घ्यायचं ते सॉफ्टवेअर फुकटच्यापेक्षा जास्त काय करतं, तेवढं सांग," ओमुरबेक बायके, म्हणजे ओमुरबेकदादा, फोनवर म्हणाले.

बिश्केक शहरातल्या त्यांच्या शिर्डाक नावाच्या लोकरी गालिच्यांच्या दुकानात संगणकाचं सगळं काम गुलसाइरा बघायची. पाय मुरगळून ती घरी पडली होती, आणि दुकानाचा संगणक घरून चालवायचा तर कशाने, असा प्रश्न होता.

"विकतच्यात जोडणी मध्येच तुटत नाही, बायके. शिवाय आपण इकडून काय करतोय ते तिकडच्या पडद्यावर झाकता येतं."

"झाकायला आपण काय चोऱ्या करतोय? फुकटचं घे!"

तिने घेतलं. चाललंही झकास. गालिच्यांचे फोटो लावता लावता दुकानाच्या त्याच संगणकावर, तिथे उघड्याच राहिलेल्या तिच्या खात्यात, तिच्या बहिणीचा, बेगायिमचा मेसेज आला, 'कंटाळलीस का गं?'

गुलसाइराने तिथल्या तिथे उत्तर ठोकलं, 'छे! आज कोचकोर गावच्या तुर्सुनाय बाई मालाची ऑर्डर द्यायला येणार. आमचे बायके सकाळपासून आरशासमोर पाठ करत असतील, "तुम्ही आलात की दुकानात वसंत येतो." आणि बाई आल्या की लोकरीचे भाव सांगत बसतील. दोघंही एकटी, तरी कसली ही भीती!'

एवढ्यात फोन वाजला. दुकानातल्या बुबुश एजे, म्हणजे बुबुशताई, कुजबुजत होत्या.

"अगं, भुताटकी झालीय! भिंतीवरच्या टीव्हीत आपोआप अक्षरं उमटतायत!"

"कुठला टीव्ही?"

"बायकेंनी संगणकाला जोडलाय ना. तुर्सुनाय एजेंना गालिचे दाखवायला."

"त्या... आल्यात?"

"मघाशीच. चहा पीत होत्या. आता वाचतायत."

तिने माउसवर झडप घातली. पडद्यावर शांतपणे पाटी आली : 'मोफत वेळ संपली. थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा.'

"एजे, टीव्ही बंद करा! आधी बंद करा!"

"करतेय की! कुठलंसं बटण दाबलं, तर अक्षरं आणखी मोठी झाली गं!"

पलीकडे खडबड झाली. मग ओमुरबेकांचा आवाज आला, पण ओळखू येईना.

"गुलसाइरा..."

"बायके, चुकलं माझं. मी नोकरी सोडते."

"गप्प बस. त्यांनी विचारलं, हे खरं का म्हणून."

"मग?"

"तोंडातून 'हो' निघून गेलं! त्या हसल्या. तेव्हापासून समोर बसून बघतायत नुसत्या, आणि मला पुढचं काही सुचत नाहीये. तू पुन्हा जोडणी कर आणि पुढचं वाक्य लिही!"

"वेळ संपलीय, बायके. फुकटचं आहे ते."

"मग विकतचं घे! आत्ताच्या आत्ता! वर्षभराचं घे!"

गुलसाइराला आजवरचा सगळ्यात मोठा धक्का हाच होता. तिने घाईघाईने पैसे भरायचं पान उघडलं. मग फोनमधून एका बाईमाणसाचा निवांत आवाज आला.

"पोरी, काही घेऊ नकोस. अडखळू दे त्यांना. मला काही घाई नाही."