रडत्यावर बटण दाबायचं नाही

टीव्हीवर कुणी रडत असलं की आमच्या शेजारच्या म्हात्रेकाकू टीव्ही बंद करत नाहीत. दारात सिलिंडरवाला उभा असो, कुकर शिट्ट्यांवर शिट्ट्या देवो, आधी पडद्यावरच्या बाईचे डोळे पुसले गेले पाहिजेत. "रडत्या माणसाच्या तोंडावर बटण दाबायचं? शोभतं का गो?"

आता मालिकेतली बाई रडायची थांबणार कधी? त्यामुळे कात्रपच्या आमच्या बिल्डिंगमध्ये काकूंचा टीव्ही सकाळपासून चालूच. एकदा हळदीकुंकवाला निघाल्या. पायात चप्पल, हातात कुलूप आणि तेवढ्यात नायिकेनं हंबरडा फोडला. आम्ही जिन्यात ताटकळलो. शेवटी जाहिरात लागली. "साबणवाली हसत होती, तेवढ्यात सटकले," काकू धापा टाकत म्हणाल्या.

माझे मिस्टर त्यांना चिडवायचे, "काकू, ते पैसे घेऊन रडतात."

"घेऊ देत. पाणी येतं ना डोळ्यांतून?"

मागच्या वर्षी खालच्या मजल्यावरच्या वैशालीचा नवरा गेला. अंबरनाथला कामाला होता. सकाळी डबा घेऊन गेला, दुपारी छातीत कळ आली, दवाखान्यात पोचलाच नाही. अख्खी बिल्डिंग लोटली. तेरावं झालं आणि आम्ही सगळे आपापल्या कामाला लागलो. जाता-येता दारातूनच "धीर धर हं" म्हणायचं, की झालं.

काकू मात्र दुपारची भांडी आवरली की रोज खाली. बोलायच्या काही नाहीत. तिच्या शेजारी भिंतीला टेकून बसायच्या. एकदा वैशालीच म्हणाली, "काकू, जा आता. तुमची मालिका लागली असेल."

"लागू दे. तू रड."

पुढे दिवाळीनंतर वैशालीचा भाऊ तिला मुरबाडला घेऊन गेला. रिक्षा वळेपर्यंत काकू गेटात उभ्या होत्या. त्या वर आल्या तशी मी चहा घेऊन गेले. राहवलं नाही म्हणून विचारलं, "काकू, रोज एवढं बसवलं कसं हो तुम्हाला?"

काकूंनी कप हातात घेतला, पण प्यायल्या नाहीत.

"आमचे हे गेले तेव्हा घर माणसांनी भरलेलं. गावाकडनं सगळे आलेले. दुपार टळली तशी एकेकाची चुळबुळ सुरू झाली. भूक लागते गो, कुणाचा काय दोष? मग मीच डोळे पुसले, उठले आणि तांदूळ धुवायला घेतले. एवढी माणसं, वाढायला कोण? त्यानंतर रडायचं राहूनच गेलं."

मग त्या मला म्हणाल्या, "जा तू. पोरं शाळेतनं येतील."

"येऊ देत. चावी आहे त्यांच्याकडे," मी म्हटलं आणि खाली मांडी घालून बसले.

काकूंनी कप बाजूला ठेवला आणि पदर तोंडाला लावला.