बरोबरीचा फोटो

डोमाजीच्या नलूचं लग्न बघता बघता लागलं. पण तिचा फोटो काढता काढता दुपार झाली.

कळंबजवळच्या त्या खेड्यातलं, बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यानंतरचं हे पहिलंच लग्न. हुंडा नको, वाजंत्री नको, पण फोटो पाहिजेच, असा डोमाजीचा हट्ट होता. त्यासाठी त्याने यवतमाळहून रामलाल फोटोग्राफरला आणवलं. एका काचेवर एकच फोटो निघायचा; रामलालने कॅमेऱ्याच्या अशा काचा मोजक्याच आणल्या होत्या आणि नवरदेवाचे वडील बळीराम यांनी त्या आपल्या पाहुण्यांवर उडवल्या. कुणी भर मांडवात छत्री उघडून उभा राहिला, कुणी मनगटावरचं घड्याळ पुढे करून. नवरा-नवरीसाठी एकच काच उरली.

"नवरदेव खुर्चीवर. नवरी बाजूला उभी, हात खुर्चीवर. हसायचं नाही!" रामलालने हुकूम सोडला. त्याला तेवढी एकच पोझ येत होती.

"मी उभी काहून?" पांढऱ्या लुगड्यातल्या नलूने विचारलं. "लग्न लागलं तवा दोघं एकाच सतरंजीवर बसलो ना? मंग फोटोत मीच कायले उभी राहू?"

बळीराम भडकून व्याह्यांकडे वळले. "नवरी नवऱ्याच्या बरोबरीनं बसते काय? इवाई, समजवा पोरीले!"

"पोरगी बरोबर बोलून राह्यली, इवाई," डोमाजी म्हणाला.

पण गावात खुर्ची एकच. तेव्हा नवरदेव धर्मपाल उठला, रॉकेलचे दोन रिकामे डबे घेऊन आला, त्यावर लांबलचक फळी टाकली आणि नलूला म्हणाला, "बस."

नलू एका टोकाला बसली, धर्मपाल दुसऱ्या डब्यावर. आता बळीरामांना राहवेना. "मंग मीबी बसतो! पोराचा बाप कोन हाये, ते दिसलं पाहिजे." आणि धर्मपालच्या पलीकडे, फळीचं जे टोक डब्याच्या बाहेर आलं होतं, त्यावर त्यांनी आपला भरभक्कम देह टेकवला.

"हलू नका!" कॅमेऱ्यावरच्या काळ्या कापडातून रामलाल ओरडला.

फळीने ऐकलं नाही. बळीराम खाली गेले आणि नलू वर. ती आधी किंचाळली, मग खदखदून हसली. धर्मपालने तिचा हात धरला आणि तोही हसत सुटला. सकाळपासून लेकीला 'दात दाखवू नको' म्हणून बजावणाऱ्या नलूच्या आईने, कांताबाईंनी, तोंडात पदर कोंबला. दचकलेल्या रामलालच्या हातातला कॅमेऱ्याचा रबरी फुगा दाबला गेला आणि फोटो निघाला.

"काच वाया गेली," तो रडवेला होऊन म्हणाला.

डोमाजीचा चेहरा उतरला. लेकीच्या लग्नाचा एकच फोटो, तोही गेला. त्याला फार वाईट वाटलं.

आठवड्याने रामलाल फोटो घेऊन थेट नलूच्या सासरीच आला. "दुकानाच्या काचेत लावला होता जी! आता जो येते तो म्हंते, आमचाबी असाच हसता फोटो काढ. खुर्ची कोनीच मांगत नाही."

फोटोत नलू सगळ्यांच्या वर, तोंडभर हसणारी. धर्मपाल तिच्याकडेच बघत होता. खालच्या कोपऱ्यात बळीरामांचा नुसता फेटा होता.

"फाडा तो!" बळीराम गरजले. "सून वर अन् सासरा खाली? लोक काय म्हंतीन?"

नलूने चहाचा कप त्यांच्यापुढे ठेवला.

"मामाजी, मी त बरोबरीच मांगतली होती. वर तुमीच चढवलं मले."

बळीरामांनी फोटो पुन्हा जवळ घेऊन पाहिला. मिशीतलं हसू काही केल्या आवरेना, तेव्हा ते भिंतीसाठी खिळा शोधायला उठले.